थायलंडला जाताना काय नेसावे?



आपल्या लोकांची धाव पूर्वी बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि फार झाले तर लुंबिनीपर्यंत असे. आता आपल्या वणी परिसरातूनही खाणीतून निवृत्त झालेले कामगार, शाळामास्तर, अंगणवाडीच्या बाया पैसापैसा जमवून बँकॉकचे तिकीट काढू लागल्या आहेत. अशा मंडळींच्या बैठकीला आम्ही कधीमधी जातो. तिथे पुरुष पासपोर्टचे विचारतात, पैशाचे विचारतात, जेवणाचे विचारतात. शेवटी मागच्या रांगेतून एखादी बाई हळूच विचारते, "तिथं घालायचं काय?" आणि सगळे हसतात.

आमच्या मते त्या बैठकीतला सर्वांत कामाचा प्रश्न तोच असतो. म्हणून या वेळचा मजकूर त्यालाच दिला आहे.

प्रथम उन्हाचे बघू. आम्ही वणीकर, आम्हांला उन्हाळा कोण शिकवणार, असे कुणालाही वाटेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, शेजारचे चंद्रपूर तर देशभरच्या बातमीत येते. बँकॉकमध्ये सर्वांत कडक महिना एप्रिल, आणि तेव्हाही दुपारचे तापमान सरासरी ३५ अंशांच्या आसपास. जानेवारीत ३२. आकडा पाहून माणूस निर्धास्त होतो आणि तिथे उतरल्यावर अर्ध्या तासात घामाने निथळतो.

याचे कारण आपल्या घरातच आहे. मातीचा माठ वैशाखात पाणी बर्फासारखे करतो, पण श्रावणात त्याच माठातले पाणी कोमट लागते. कूलर मेमध्ये खोली गार करतो आणि जुलैत नुसता ओल सोडतो. हवा कोरडी असली की पाणी उडते, आणि उडताना उष्णता घेऊन जाते. हवा ओली असली की उडायला जागाच नसते. अंगावरच्या घामाचेही तसेच. वणीच्या उन्हात घाम आला कधी नि वाळला कधी कळत नाही, म्हणून अंग टिकून राहते. बँकॉक समुद्राजवळचे शहर, चाओ फ्राया नदीच्या काठी, साधारण चेन्नईच्या अक्षांशावर. तिथला घाम अंगावरच राहतो. ज्यांनी मुंबईला सहा डिसेंबरऐवजी मे महिन्यात एखादी चक्कर मारली असेल त्यांना निराळे सांगायला नको.

म्हणून आपली उन्हाळ्याची रीत तिथे जशीच्या तशी चालत नाही. आपण झळ लागू नये म्हणून डोके, कान, तोंड दुपट्ट्याने घट्ट बांधतो. कोरड्या लूमध्ये ते अगदी बरोबर आहे. दमट हवेत मात्र अंगाला घट्ट काहीच नको. कपडा पातळ, सैल आणि हवा खेळेल असा पाहिजे. डोक्याला दुपट्ट्यापेक्षा छत्री बरी. ती उन्हालाही चालते आणि पावसालाही.

कापड कोणते? सुती. त्यातही मलमल किंवा पातळ वायल. जाड खादी नको, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. जॉर्जेट, शिफॉन, नायलॉनच्या साड्या घडी न मोडणाऱ्या म्हणून प्रवासाला बऱ्या वाटतात, पण घामाने अंगाला चिकटतात आणि मांड्या, काखा सोलून निघतात. (आमचा सारा मुलूख कापसाचा. वणीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, आणि त्याच बाजारात शुद्ध सुती पोलक्याचे कापड मागितले तर दुकानदार दोन गठ्ठे शोधतो. असो.) पोरांच्या जीन पँटी घरीच ठेवाव्या. त्या तिथल्या रात्रीत वाळत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, जिच्यापायी पुष्कळ लोक तिकिटाचे पैसे भरूनही दारातून परत फिरतात.

बँकॉकचा राजवाडा आणि त्याच्या आवारातले वाट फ्रा केओ हे विहार बघायला साऱ्या जगाचे लोक येतात. तिथे कपड्यांचा नियम आहे आणि तो पाळला जातो. खांदे झाकलेले पाहिजेत. बिनबाह्यांचे चालत नाही, अर्धी चड्डी चालत नाही, आखूड स्कर्ट चालत नाही, फाटक्या फॅशनची पँट चालत नाही, आरपार दिसणारे कापड चालत नाही. आपल्या बायांना यात काही अडचण नाही, बाह्यांचे पोलके आणि पदर असला की झाले. अडतात ते आपले तरणे पोरगे. परदेशात चाललो म्हणून बर्मुडा नि बनियनसारखे टीशर्ट घेऊन जातात आणि फाटकाशी थांबवले की तोंड पाडतात. मग बाहेरच्या दुकानातून हत्तींची चित्रे असलेला सैल पायजमा विकत घ्यावा लागतो. तो पायजमा वाईट नाही, उलट हवेशीर आहे, पण आधीच घरचा पायजमा नेला असता तर तेवढ्या पैशात एक जेवण झाले असते. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हांला हिशेब आधी दिसतो.

या विहारातली बुद्धमूर्ती पाचूची म्हणून प्रसिद्ध आहे. पाचू म्हणतात ते रंगावरून. मूर्ती हिरव्या दगडाची, सुमारे ६६ सेंटिमीटर उंच, म्हणजे दोन फुटांहून थोडी अधिक. तिच्याविषयी एक गोष्ट आमच्या आजच्या विषयाला धरून आहे. या मूर्तीला ऋतूप्रमाणे तीन पोशाख आहेत, उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा आणि थंडीचा. साधारण मार्च, जुलै-ऑगस्ट आणि नोव्हेंबर असे वर्षातून तीन वेळा ते बदलले जातात, आणि बदलण्याचा विधी स्वतः राजा करतो. पहिले दोन पोशाख सध्याच्या राजवंशाच्या पहिल्या राजाने करवले, थंडीचा तिसऱ्याने. पावसाळ्याचा पोशाख भिक्खूच्या चीवरासारखा, एक खांदा उघडा ठेवणारा. थंडीचा म्हणजे अंगभर सोन्याच्या जाळीची जणू शालच. मूर्तीला कपडे नेसवण्याची रीत बाबासाहेबांच्या शिकवणीतली नव्हे, आणि आपल्या विहारात ती कुणी आणू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ज्या देशात खुद्द मूर्तीचा पोशाख ऋतू बघून ठरतो, तिथे पाहुण्याने कपड्यांचा विचार न करता जावे हे काही शोभत नाही. नीटनेटक्या, मर्यादशीर माणसाला थाई भाषेत 'रिअप रॉय' म्हणतात. कपडा भारी नसला तरी चालतो, पण रिअप रॉय पाहिजे.

आणखी एक सूचना, आणि ही खास आपल्या तरुणांसाठी. आपल्याकडे बुद्धाचे चित्र छापलेले टीशर्ट, पिशव्या, चावीचे छल्ले सर्रास वापरतात. त्यात आपली भावना अभिमानाची असते हे आम्ही जाणतो. थायलंडमध्ये आणि त्याहूनही श्रीलंकेत, म्यानमारमध्ये लोकांना ते खटकते. बुद्धाची प्रतिमा कमरेच्या वर, शक्यतो उंच जागी असावी असा त्यांचा दंडक. थाई माणूस गळ्यात बुद्धाचे पदक घालतो, तेव्हा आपले लॉकेट चालेल. पण पँटच्या मागच्या खिशात लोंबणारा छल्ला नको, जमिनीवर टेकवलेली बुद्धाच्या चित्राची पिशवी नको. २०१४ साली श्रीलंकेने एका इंग्रज बाईला दंडावर बुद्ध गोंदवलेला होता एवढ्यावरून विमानतळावर अडवून परत पाठवले होते. पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई द्यायला लावली हे खरे, पण फेरा पडलाच ना! बाबासाहेबांचा बिल्ला मात्र अवश्य लावावा. कुणी विचारले हे कोण, तर सांगायला मिळते.

पांढऱ्या कपड्यांविषयी पुष्कळ बाया विचारतात. आपली पांढरी साडी ही आपली ओळख आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेब स्वतः पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून दीक्षेला उभे होते आणि समोर लाखो माणसे पांढऱ्या वस्त्रांत होती. थायलंडमध्येही उपोसथाच्या दिवशी, विहारात शील घेऊन राहणारे उपासक-उपासिका पांढरेच नेसतात. तिथे 'मे ची' म्हणून मुंडण केलेल्या, आठ शीले पाळणाऱ्या स्त्रिया असतात, त्याही पांढऱ्या वस्त्रांत. पांढरी साडी नेसून आपली बाई विहारात गेली तर तिथल्या लोकांना तिचा अर्थ सांगावा लागत नाही, भाषा येत नसली तरी. दुसरा सोयीचा मुद्दा असा की पांढऱ्याला ऊन कमी लागते. एवढेच की पांढरे कापड आरपार दिसणारे नको, आत परकर चांगला जाड असावा. काळे मात्र सणाच्या ठिकाणी टाळावे, तो तिकडे सुतकाचा रंग. १३ ऑक्टोबर २०१६ ला तिथले राजे भूमिबोल वारले तेव्हा जवळजवळ वर्षभर सारा देश काळ्या कपड्यांत होता.

पण पांढऱ्या साडीला एक दिवस वर्ज्य आहे, आणि नेमका तो आपल्या जयंतीचा. थाई लोकांचे नववर्ष, सोंगक्रान, १३ ते १५ एप्रिलला असते. त्या दिवसांत रस्त्यावर जो भेटेल त्याच्यावर पाणी ओततात, पिचकाऱ्या मारतात, बादल्या रिकाम्या करतात. १४ एप्रिलला हौसेने पांढरे नेसून बाहेर पडलेली आपली बाई दहा पावलांत नखशिखान्त भिजेल, आणि भिजलेले पांढरे सुती कापड अंगावर कसे दिसते ते सांगायला नको. त्या तीन दिवसांत बायांनी गडद रंगाचे, जरा जाड, लवकर वाळणारे कपडे घालावे. सुतीचा आग्रह तेवढे दिवस सोडावा. जयंती हॉटेलात सकाळीच वंदना घेऊन साजरी करावी आणि मग खुशाल भिजावे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. बाप खाणीतून निवृत्त, मुलगा नोकरीला लागलेला. चौघांनी बँकॉकला जायचे ठरले. आजी पंच्याहत्तरीच्या. १९५६ ला वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेल्या. जन्मभर नऊवारी नेसलेल्या. नातवाने फर्मान काढले, आजीने पंजाबी ड्रेस घालायचा, नाहीतर लोक हसतील. आजी म्हणाल्या, "मले नाही जमत बाबू. तुमीच जा. मी घर राखतो." आणि त्यांचे नाव यादीतून कमी झाले. घरात कुणाला त्यात विशेष वाटले नाही. आमच्या कानावर आले तेव्हा आम्हांला वाटले.

आजीला पंजाबी ड्रेस आवडला असता, त्यात मोकळे वाटले असते, तर आमचे काही म्हणणे नव्हते. पुष्कळ वयस्क बाया आता हौसेने घालतात आणि तिकडच्या हवेला तो उत्तम आहे. पण लोक हसतील म्हणून घालायचा, हे आम्हांला मान्य नाही. कोण लोक? बँकॉकच्या रस्त्यावर जपानी बाया किमोनो घालून हिंडतात, अरब बुरख्यात असतात, आफ्रिकेच्या बाया डोईला फुलासारखे फडके बांधतात. तिथे कुणाला कुणाकडे बघायला वेळ नाही. हसणारे लोक त्या पोराच्या मनात आहेत, आणि ते तिथे कुणी बसवले हेही आम्हांला ठाऊक आहे.

या ठिकाणी महाडची आठवण करून द्यावीशी वाटते. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना वेगळे मार्गदर्शन केले. त्यात कपड्यांचा विषय होता. त्या काळी लुगडे गुडघ्यापर्यंत नेसणे, अंगावर कथलाचे-चांदीचे जड दागिने घालणे या जातीच्या खुणा होत्या. दुरून बघून माणूस ओळखता यावा म्हणून त्या होत्या. बाबासाहेबांनी सांगितले, या खुणा टाका, लुगडे खाली सोडून नेसा, स्वच्छ राहा. बायांनी लगेच नेसण बदलली. म्हणजे आमच्या आयाबायांनी कपडा बदलला तो कुणी हसेल या भीतीने नव्हे, तर ज्यांनी खूण लादली त्यांना नाकारायला. आजच्या नऊवारीवर कुणाची लादलेली खूण उरलेली नाही. तिची लाज बाळगणे आणि महाडचा उपदेश पाळणे या अगदी उलट गोष्टी आहेत.

सुटाबुटाचेही तसेच. बाबासाहेब सूट घालत म्हणून आपल्याकडे सभेला, लग्नाला, मेच्या उन्हातही सूट चढवतात. तो अभिमान आम्ही समजतो. पण बँकॉकला दुपारी बारा वाजता कोट-टाय घालून वाट अरुणच्या उभ्या पायऱ्या चढणाऱ्याला भोवळ येईल. साधा सुती शर्ट, पूर्ण पँट, खाली चपला. दीक्षेच्या दिवशी खुद्द बाबासाहेबांनी धोतर नेसले होते हे विसरू नये.

त्या घरी जाऊन आम्ही आजीची नऊवारी आणि बँकॉकचा नियम समोरासमोर मांडून बघितले. खांदे? पदराने झाकलेले. दंड? कोपरापर्यंत बाह्यांचे पोलके. पाय? नेसण घोट्यापर्यंत सोडली की झाकलेले. चालायला काष्टा मोकळा, पायऱ्यांवर पाच वारीसारखा पायात येत नाही. अडचण दोनच. एक म्हणजे विमानातला नि हॉटेलातला खुर्चीचा संडास, त्याची सवय आधी इथेच एखाद्या नातेवाइकाकडे करून घ्यावी. दुसरी विमानतळावरची तपासणी. पदराच्या पिना, कमरेच्या किल्ल्या यंत्रात वाजतात. त्या काढून सामानात टाकाव्या. जाड नेसण असेल तर पडद्यामागे स्त्री कर्मचारी तपासते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. नातवाला आम्ही एवढेच विचारले, की तुझ्या बर्मुडावर तुला आत घेणार नाहीत आणि आजीला घेतील, मग हसणार कुणावर? पोरगा समंजस आहे. आजीचे नाव परत यादीत आले आहे.

किती कपडे न्यावे यावरही घरोघर भांडण होते. सात दिवसांना चौदा जोड काढून ठेवतात, मग सामान वजनाला बसत नाही. विनयात एक कथा आहे. वैशालीला कडाक्याच्या थंडीत भगवान बुद्ध रात्री उघड्यावर बसून राहिले. पहिल्या प्रहरी एक चीवर पुरले, थंडी वाढली तशी आणखी चीवरे घेतली. त्यावरून भिक्खूला तीन चीवरे पुरेत असे ठरले. थंडी, ऊन, डास, वारा यांपासून रक्षण आणि लाज झाकणे, कपड्याचे काम एवढेच असा तिथे विचार आहे. आपणही तीनच जोड न्यावेत, एक अंगावर, एक वाळत, एक घडीत. मधला रात्री हॉटेलात खंगाळून पंख्याखाली टाकावा. डासांचे काम तिथेही आहे, डेंग्यू तिथेही होतो, म्हणून संध्याकाळी पूर्ण बाह्या बऱ्या. आणि एक पातळ शाल हाताशी ठेवावी. बाहेर भट्टी असली तरी तिथल्या बाजाराच्या इमारती आणि डोक्यावरून धावणाऱ्या रेल्वेचे डबे एवढे गार असतात की घामाने भिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला हुडहुडी भरते.

पायाचे राहिले. प्रत्येक विहारात पादत्राण बाहेर. वाट पोला ४६ मीटर लांबीची निजलेली बुद्धमूर्ती आहे, तिथे चपला हातातल्या पिशवीत घेऊन फिरतात. दिवसात दहा वेळा काढ-घाल होते, तेव्हा नाडीचे बूट डोकेदुखी ठरतात. सरकवायच्या चपला, पट्ट्याच्या सँडल बऱ्या. म्यानमारला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की तिथे पायमोजेही चालत नाहीत, आणि दुपारी संगमरवर असा तापतो की पाय भाजतात, म्हणून सकाळी लवकर जावे. याच गोष्टीवरून ब्रह्मदेशात मोठा लढा झाला होता. इंग्रज साहेब बूट घालूनच पॅगोड्यात शिरत. तिथल्या भिक्खूंनी आणि तरुण बौद्धांनी विरोध केला आणि १९१९ साली सरकारला माघार घ्यावी लागली.

आपल्या जुन्या माणसांना चपला हातात घेण्याची दुसरी आठवण आहे. पाटलाच्या वाड्यावरून जाताना पायात काही घालायची मुभा नव्हती, त्या दिवसांची. म्हणून एखादा बुजुर्ग विहाराच्या दारात थबकला तर त्याला हसू नये. तिथे मंत्र्यालाही काढाव्या लागतात आणि कारकुनालाही, हे त्याला शांतपणे सांगावे, आणि आपल्याही त्याच्या चपलांशेजारी ठेवाव्या.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एवढे करावे. ऑक्टोबरात तिथे पाऊस चांगलाच असतो, तेव्हा छत्री आणि पाण्यात चालणाऱ्या चपला सोबत घ्याव्या. आणि पोलकी आताच शिवायला टाकावी. सणाच्या तोंडावर वणीतला एकही शिंपी वेळेवर कपडा देत नाही, आणि बिनबाह्यांचे तयार पोलके घेऊन निघालात तर फाटकाशी तेच ते हत्तीछाप कापड खांद्यावर घ्यावे लागेल.